सासऱ्यांची होमिओपॅथीची पेटी आणि लेकीची पोटदुखी

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. गेले चार महिने तिचं पोट दुखतं, बेंबीच्या आसपास. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधी, कधी संध्याकाळी. जेवण बेताचं, पण वजन कमी झालेलं नाही. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेत. होमिओपॅथीचा त्यांना जुना नाद. पुस्तकं, लाकडी पेटी, नोंदींची वही, सगळं आहे. सोसायटीतले लोकही मुलांना त्यांच्याकडे आणतात. ते लेकीला मांडीवर घेतात, चार प्रश्न विचारतात आणि कोलोसिंथच्या गोळ्या देतात. पाच-दहा मिनिटांत ती खेळायला पळते. मी डी. फार्म. केलंय, त्यामुळे तीस पोटेन्सी म्हणजे काय ते मला कळतं. पण गुण येताना डोळ्यांनी दिसतो. मिस्टर म्हणतात, "बाबांना दुखवू नकोस, साखरेच्या गोळ्या त्या, काय बिघडतं?" गेल्या महिन्यात मात्र एका रात्री तिला ताप, उलटी आणि पोटात कळ असं सगळं एकदम झालं. दहापासून दोनपर्यंत बाबा दर अर्ध्या तासाने डोस देत होते. सकाळी ती बरी होती, मी मात्र रात्रभर जागी. गोळ्या चालू ठेवू का? पदवीधर होमिओपॅथकडे नेऊ का? आणि बाबांना काय सांगू?
– एक सून, नाशिक

उत्तर : आधी त्या रात्रीचं बोलू, बाकीचं थांबू शकतं.

ताप, उलटी आणि पोटात कळ असं सात वर्षांच्या मुलाला झालं, तर बहुतेक वेळा ते विषाणूमुळे बिघडलेलं पोट असतं आणि दोन-तीन दिवसांत आपलं आपण ताळ्यावर येतं. तुमच्या लेकीचंही तसंच झालं असावं. पण अपेंडिक्सचं दुखणं पहिल्या काही तासांत हुबेहूब असंच दिसतं. आधी बेंबीभोवती दुखतं, मग उलटी होते, अंगात बारीक ताप येतो आणि काही तासांनी दुखणं खाली उजवीकडे सरकतं. मूल पोट धरून वाकून चालतं, उडी मार म्हटलं तर मारत नाही, रिक्षा खड्ड्यातून गेली की कळवळतं. लहान मुलांना नेमकं कुठे आणि कसं दुखतं ते सांगता येत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो. निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याची शक्यता मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत जास्त असते, ती यामुळेच.

बाबांच्या गोळ्यांनी त्या रात्री काही बिघडवलं नाही. पण दर अर्ध्या तासाला डोस जात होता, म्हणजे उपचार चालू आहेत असं घरातल्या सगळ्यांना वाटत राहिलं, आणि त्या वाटण्यामुळे चार तास कुणी चप्पल पायात घातली नाही. तुमच्या मिस्टरांच्या "काय बिघडतं?" या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे.

म्हणून पहिलं काम आजच करा. कोणत्या पोटदुखीला पेटी उघडायचीच नाही, हे घरात बसून ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा. दुखणं उजवीकडे खाली गेलं किंवा तीन-चार तास सलग राहिलं. उलटी हिरवी झाली. शीमधून रक्त गेलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली. पोट फुगून टणक झालं, हात लावू देत नाही. गाढ झोपेतून दुखण्याने जाग येते. लघवीला जळजळ होते. डोळे पिवळे दिसतात. सात-आठ तास लघवीच नाही, तोंड कोरडं, मूल मलूल. ताप उतरला आणि नेमकं तेव्हाच पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, तर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत डेंग्यूची आठवण ठेवायची. त्या आजारात धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो. आणखी एक दुखणं हमखास चुकतं. मूल काही दिवस घटाघटा पाणी पितंय, सुटलेली सवय असूनही पुन्हा गादी ओली करतंय, बारीक झालंय आणि आता पोटदुखी-उलटी सुरू झाली, तर त्याच दिवशी रक्तातली साखर बघायला हवी. मुलांमधल्या मधुमेहाचं पहिलं दर्शन पुष्कळदा पोटदुखीच्या वेषात होतं. यातलं काहीही असेल तर डोस नाही, काढा नाही, सरळ डॉक्टर. रात्र असेल आणि गाडी नसेल तर १०८. "बेंबी सरकली असेल" म्हणून पोट चोळून घ्यायला कुणाकडे नेऊ नका. अपेंडिक्स असेल तर ते चोळणं महागात पडतं.

आता गोळ्यांकडे येते.

कोलोसिंथ म्हणजे आपलं कडू इंद्रावण, वाळूत पसरणारा, छोट्या कलिंगडासारख्या फळांचा वेल. त्याचं फळ इतकं जहाल रेचक, की खाल्लं तर पोटात मुरडा येऊन माणूस दुमडतो. "समानाने समान बरं होतं" हे होमिओपॅथीचं सूत्र. तेव्हा दुमडून, पोट दाबून बसणाऱ्या पोटदुखीवर तेच इंद्रावण, पण विरळ करून. बाबांच्या पेटीतल्या पोटाच्या बहुतेक बाटल्यांची कथा अशीच आहे. नक्स व्होमिका म्हणजे काजऱ्याचं बी, ज्यात स्ट्रिक्नीन असतं. कार्बो व्हेज म्हणजे लाकडाचा कोळसा. कॅमोमिला चिडचिड्या, कडेवरून उतरू न देणाऱ्या मुलाला. मॅग फॉस शेकाने बरं वाटणाऱ्या दुखण्याला; हे मूळचं बाराक्षारांतलं, शुस्लर नावाच्या जर्मन डॉक्टरच्या १८७३ सालच्या पद्धतीतलं.

विरळ किती, हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या मिस्टरांसाठी लिहिते. एक थेंब अर्क नव्याण्णव थेंब अल्कोहोलात मिसळायचा, हलवायचा, त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवात. असं तीस वेळा केलं की ३० पोटेन्सी. म्हणजे मूळ पदार्थाचं प्रमाण एकावर साठ शून्यं इतक्यात एक. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. त्यापुढे बाटलीत जे असतं ते अल्कोहोल आणि साखर. ही टीका मी नव्याने करत नाहीये. होमिओपॅथीतले जाणकारही हे गणित मान्य करतात आणि हलवण्यातून काही शक्ती उरते असं म्हणतात. त्या शक्तीचा पुरावा मात्र आजवर हाती लागलेला नाही.

होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे बाबांना जरूर सांगा. १७९० साली एका वैद्यकीय ग्रंथाचं जर्मन भाषांतर करता करता या माणसाने हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. १८१० साली त्याचा 'ऑर्गनॉन' हा होमिओपॅथीचा मूळ ग्रंथ आला. तेव्हाचे नावाजलेले डॉक्टर शिरा कापून रक्त काढत होते, पारा पाजत होते. त्या काळात ज्याने रोग्याला काहीच केलं नाही, नुसतं नीट विचारपूस करून साखरेची गोळी दिली, त्याचे रोगी जास्त संख्येने घरी चालत गेले असतील तर नवल नाही. आज तुलना मात्र जलसंजीवनीशी, प्रतिजैविकांशी आणि शस्त्रक्रियेशी आहे.

मुलांच्या पोटावर प्रत्यक्ष प्रयोगही झालेत. निकाराग्वात मुलांच्या जुलाबांवर केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. होमिओपॅथीच्या गटात जुलाब थोडे लवकर थांबले असं त्यात म्हटलं होतं. होमिओपॅथीचे चाहते तो अजून सांगतात. दोन्ही गटांतल्या मुलांना जलसंजीवनी दिली जात होती, हे सांगायचं राहून जातं. मग त्याच प्रमुख संशोधिकेने होंडुरासमध्ये तयार मिश्रणाची गोळी वापरून पुन्हा प्रयोग केला. २००६ साली निकाल आला : खऱ्या गोळीत आणि खोट्या गोळीत फरक नाही. बाबा म्हणतील की मिश्रण म्हणजे खरी होमिओपॅथी नव्हेच, औषध माणसागणिक निवडायचं असतं. म्हणू देत, त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबर आहेत. पण २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, निवडून दिलेल्या औषधांसकट, आणि एकाही आजारावर भरवशाचा पुरावा मिळाला नाही असं लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच बाळांच्या जुलाबांवर होमिओपॅथी वापरू नका असं सांगितलेलं आहे.

मग लेक पाच मिनिटांत खेळायला कशी पळते?

कारण या प्रकारची पोटदुखी अशीच पळते. जॉन ॲप्ली नावाच्या बालरोगतज्ज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात हजार शाळकरी मुलं तपासली. १९५८ साली त्याने लिहिलं की दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास असतो आणि त्यातल्या बहुतेकांत शरीराचा आजार सापडत नाही. त्याचा एक ठोकताळा आम्ही अजून विद्यार्थ्यांना शिकवतो : दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका खरा आजार असण्याचा संशय जास्त. तुमच्या लेकीचं बेंबीभोवती आहे, वजन टिकून आहे, झोप मोडत नाही असं दिसतं. हे सगळं दिलासा देणारं आहे. "शरीराचा आजार नाही" म्हणजे ती नाटक करते, असा अर्थ कृपा करून काढू नका. आतड्याच्या नसा जास्त हळव्या झाल्या की साधी हालचाल, थोडा वात, थोडी धास्तीही कळ म्हणून जाणवते. ती कळ लाटेसारखी येते आणि जाते. येते तेव्हा आजोबा मांडीवर घेतात, मोबाइल बाजूला ठेवून तिच्याशी बोलतात, जिभेवर गोड काहीतरी विरघळतं, आणि तोवर लाट ओसरलेली असते. पोटदुखीच्या औषधांच्या चाचण्यांत खोट्या गोळीनेही बरं वाटणाऱ्या मुलांचं प्रमाण भरपूर असतं. २०२२ साली अमेरिकेत तर मुलांना "यात औषध नाही" असं उघड सांगून गोड पाणी दिलं, तरी त्यांचं दुखणं कमी झाल्याची नोंद आहे. तेव्हा तुम्हाला डोळ्यांनी जो गुण दिसतो तो खरा आहे. तो इंद्रावणाचा आहे की आजोबांचा, एवढाच प्रश्न आहे आणि माझं मत आजोबांना आहे.

जाता जाता : गोळी अगोदर-नंतर कांदा, लसूण, कॉफी बंद, असं पथ्य पेटीवाले हमखास सांगतात. गुण आला नाही की कांदा आडवा येतो, ही सोय त्यात आहे.

तरी "साखरेच्याच गोळ्या" हे सरसकट खरं नाही, हे तुमच्यासारख्या औषधनिर्माण शिकलेल्या बाईने तपासायला हवं. मोठ्या पोटेन्सीच्या बाटल्यांत काही नसतं, पण मदर टिंक्चरमध्ये वनस्पतीचा खराखुरा अर्क आणि भरपूर अल्कोहोल असतं. थ्री-एक्स, सिक्स-एक्ससारख्या (एक्स म्हणजे दर पायरीला दहापटच विरळ) खालच्या पायऱ्यांत पदार्थ मोजण्याइतका उरतो. विषारी वनस्पती असेल तर ते महत्त्वाचं. अमेरिकेत दात येताना बाळांना द्यायच्या होमिओपॅथिक गोळ्या २०१० मध्ये परत मागवाव्या लागल्या, कारण त्यातलं बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगळं होतं. २०१६-१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला पुन्हा तेच सापडलं, काही गोळ्यांत लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून एका रविवारी बाबांच्या शेजारी बसून पेटी आवरा. मदर टिंक्चर आणि लहान आकड्यांच्या बाटल्या मुलांसाठी वापरायच्या नाहीत. कुलूप लावा, गोड गोळ्यांची अख्खी बाटली तोंडात रिकामी करणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याच्याबद्दल. चार महिन्यांचं दुखणं तुम्ही इतकं तपशिलात लिहिलंत, पण शी कशी होते याबद्दल एक अक्षर नाही. ही तुमची चूक नव्हे. सात वर्षांचं मूल स्वतःचं स्वतः जातं, दार लावून घेतं, फ्लश करून येतं. आईला पत्ता नसतो. "रोज होते का?" विचारलं तर "हो" म्हणतं, कारण संभाषण संपवायचं असतं. माझ्याकडे बेंबीभोवतीच्या दुखण्यासाठी येणाऱ्या शाळकरी मुलांत सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे तुंबलेलं पोट. सकाळी व्हॅनच्या घाईत जमत नाही. शाळेतल्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, नाहीतर बाई मधल्या सुट्टीशिवाय सोडत नाहीत. मग मूल धरून ठेवतं. धरून ठेवलं की शी सुकते, टणक होते, बाहेर येताना दुखते, म्हणून पुढच्या वेळी आणखी धरून ठेवतं. आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो, जाणीव बोथट होते आणि रोज थोडीशी होऊनही पोट भरलेलंच राहतं. सकाळी नाश्ता पोटात गेला की आतडं स्वभावतःच हालचाल करतं, तेव्हा कळ येते. व्हॅनची वेळही तीच. शाळेची टाळाटाळ आणि तुंबलेलं पोट दोन्ही एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं, शाळेला जायचं नाही म्हणून बहाणे.

ते ओळखण्यासाठी बाबांची मदत घ्या. होमिओपॅथीतली जी गोष्ट मला मनापासून आवडते ती म्हणजे प्रश्न विचारण्याची शिस्त. कधी दुखतं, कुठे, कशाने वाढतं, कशाने थांबतं, दाबून बरं वाटतं की शेकून, स्वभाव कसा, भीती कशाची. ओपीडीत पन्नास पेशंट असणाऱ्या डॉक्टरला हे विचारायला वेळ नसतो आणि मुलांच्या पोटदुखीचं निदान तर निम्म्याहून जास्त या प्रश्नांतच असतं. बाबांकडे वेळ आहे, वही आहे, नातीचा विश्वास आहे. त्या वहीत तीन आठवडे रोज नोंद ठेवायला सांगा : दुखण्याची वेळ, किती वेळ टिकलं, त्याआधी काय खाल्लं, शाळेचा दिवस की सुट्टी, शी झाली का, आणि कशी – बकरीच्या लेंड्यांसारखी, भेगा पडलेल्या जाड कांडीसारखी, की मऊ. चित्रं काढून तिलाच निवडू द्या, मुलांना हा खेळ आवडतो. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतही दुखतं का, हे त्या वहीतून आपोआप कळेल.

दरम्यान रोज रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी तिला संडासात बसवा, पाच-दहा मिनिटं, शी आली नाही तरी. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. सकाळी अर्धा तास लवकर उठवता आलं तर नाश्त्यानंतरही बसवा. तंतुमय पदार्थ किती, याचा सोपा हिशेब वयात पाच मिळवले की तितके ग्रॅम, म्हणजे तिला रोज साधारण बारा. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी यात ते होत नाहीत. भाकरी, उसळ, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका यांनी होतात. दूध दिवसाला दोन कपांच्या वर जात असेल तर कमी करा. दुधाने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. ओवा चघळायला दिलात, बेंबीभोवती कोमट हिंगाचा लेप लावलात तरी माझी हरकत नाही, साध्या दुखण्याला त्यानेही मांडीवर घेणं होतंच. दर रविवारी एरंडेल मात्र नको.

सकाळी उठल्या उठल्या "आज पोट दुखतंय का गं?" हे विचारणं बंद करा. दुखण्याकडे सतत लक्ष वेधलं की मुलांची तक्रार वाढते, दुसऱ्या गोष्टीत गुंतवलं की घटते, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. तिने सांगितलं तर ऐका, जवळ घ्या आणि तिचं चाललेलं काम चालू राहू द्या. शाळेचं मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी वेळी विचारा, वेण्या घालताना वगैरे. व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं, संडासला कडी आहे का, कुणी चिडवतं का. "शाळा आवडते का?" असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही.

तीन आठवडे पूर्ण झाले की, किंवा वर लिहिलेलं एकही धोक्याचं लक्षण दिसलं तर त्याआधीच, बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते वजन-उंची मागच्या नोंदींशी ताडून पाहतील, पोट हाताने तपासतील, बहुधा लघवीची तपासणी सांगतील. बद्धकोष्ठ निघालं तर शी मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतील, आणि ते पंधरा दिवसांत "बरं वाटलं" म्हणून बंद करायचं नसतं. ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला महिने लागतात. जंतांची गोळी शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळाली होती का, ते आठवून ठेवा. सोनोग्राफीसाठी स्वतःहून आग्रह धरू नका. या वयात सोनोग्राफी केली की "मेसेंटेरिक लिम्फ नोड्स" असे शब्द रिपोर्टात पुष्कळदा येतात. धडधाकट मुलांतही त्या छोट्या गाठी दिसतात. पण शब्द वाचून घर हादरतं, कुणीतरी टीबी म्हणतं आणि नसलेल्या आजाराची सहा महिन्यांची औषधं सुरू झालेली मुलं मला माहीत आहेत.

पदवीधर होमिओपॅथकडे जावं का? बीएचएमएस साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात शरीररचना, रोगनिदान सगळं असतं, त्यामुळे घरगुती पेटीपेक्षा तिथे मूल नीट तपासलं जाण्याची शक्यता नक्की जास्त. जायचंच असेल तर बघा, की डॉक्टर पोटाला हात लावतात का, वजन करतात का, आणि "हे माझं काम नाही, सर्जनला दाखवा" असं म्हणायची त्यांची तयारी आहे का. लसी थांबवा, चालू औषधं बंद करा असं सांगणाऱ्याकडून त्याच पावली परत या. गोळीकडून माझी अपेक्षा मात्र तीच राहील, कुणीही दिली तरी.

बाबांशी बोलणं तुम्ही नका करू, मिस्टरांना करू द्या. मुलाने सांगितलेलं आणि सुनेने सांगितलेलं यांत आपल्या घरांत अजून फरक पडतो, आवडो न आवडो. त्यांनी "होमिओपॅथी थोतांड आहे" इथून सुरुवात करू नये. निवृत्तीनंतर ज्या गोष्टीमुळे सोसायटीत चार माणसं अदबीने बोलतात, तीच काढून घेतल्यासारखं होईल. "बाबा, डॉक्टरांनी तुमची वही मागितली आहे," इथून करावी. ते खोटंही नाही, मी मागते आहे. लेकीला नेहमीचं दुखणं असेल, फ्रिजवरच्या यादीतलं काही नसेल, तर मांडी, गप्पा आणि हवी तर मोठ्या पोटेन्सीची एक गोळी, माझी ना नाही. मात्र एकच अट. तासाभरात थांबलं नाही तर दुसरी बाटली शोधायची नाही, तुम्हाला हाक मारायची. प्रत्येक दुखण्याला गोळी हवीच, असं मात्र तिला वाटू देऊ नका. दोनदा दिली तर एकदा नुसत्या गप्पांवर भागवून पाहायला सांगा. बाबांनाच कुतूहल वाटेल.

सोसायटीतल्या मुलांचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तिथे मी कडक आहे. नातीला दिलेली गोळी घरातली गोष्ट. दुसऱ्यांच्या मुलांना नियमित औषध देणं म्हणजे नोंदणीशिवाय डॉक्टरकी. उद्या काही वाईट घडलं तर बाबांचा हेतू कितीही चांगला असो, कायदा त्यांना वाचवणार नाही. तान्ह्या बाळांना घेऊन येत असतील तर विशेष काळजी. संध्याकाळी तास न् तास रडणारी बाळं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त रडतात आणि तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबतात. त्या वेळी जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळतं. पण थांबून थांबून किंकाळी फोडणारं, पाय पोटाशी घेणारं, मधल्या वेळात पांढरं फटक पडणारं सात-आठ महिन्यांचं बाळ आतड्यात आतडं शिरल्यामुळे तसं करत असू शकतं. रक्तमिश्रित शेंबडासारखी शी व्हायची वाट न पाहता ते तडक इस्पितळात जायला हवं. पोटात दुखतं म्हणणाऱ्या मुलग्याची चड्डी काढून वृषण पाहिल्याशिवाय कुणी काही देऊ नये. पीळ पडला असेल तर हाताशी जेमतेम सहा तास असतात आणि लाजेपायी मुलगे ते सांगत नाहीत. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंक.

बाबांनी पेटीशेजारी जलसंजीवनीची दहा-बारा पाकिटं आणि एक लिटरची खूण केलेलं भांडं ठेवलं तर दारात येणाऱ्या आयांना रिकाम्या हाती परत पाठवावं लागणार नाही. सरकारी दवाखान्यात पाकिटं फुकट मिळतात. पाकीट अर्धं करून ग्लासात मिसळायचं नाही, अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्ये, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, हे तुम्ही त्यांना एकदा करून दाखवा.

बालरोगतज्ज्ञांची वेळ घेताना संध्याकाळची शेवटची मागा आणि वही घेऊन बाबांनाही बरोबर न्या. लेकीचं पोट तपासताना तिचा हात त्यांनीच धरावा.